ओहायोपाइलचा वालुकाश्म आणि त्याच्याखालून जाणारे पाणी

कोलाडजवळच्या आमच्या गावात सकाळी नदीवर निघालेल्या माणसाला घरातले कोणी ना कोणी हटकून विचारायचे, "पाणी सुटलं का?" कुंडलिका ही आमची नदी पावसावर जेवढी चालते त्याहून अधिक भिऱ्याच्या वीजघरावर चालते. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीला अडवलेले पाणी डोंगर उतरून भिऱ्याला येते, तिथे त्याच्यावर वीज तयार होते आणि मग ते नदीत सोडले जाते. १९२७ सालापासून हे असेच चालू आहे. त्यामुळे ऐन वैशाखात, आसपासचे ओढे कोरडे ठणठणीत पडलेले असताना, आमच्या नदीला मात्र सकाळी भरपूर पाणी यायचे आणि नंतर ते ओसरायचे. आज त्याच पाण्यावर तिथे राफ्टिंगचा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. आमच्या लहानपणी पाणी सुटणे म्हणजे धुणे आटपून, गुरे काढून काठावर यायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ होता.

गेली बारा वर्षे मी पिट्सबर्गमध्ये राहते आणि त्यांपैकी नऊ वर्षे, मे ते सप्टेंबर या काळात जमेल तेवढ्या शनिवारी, शहराच्या आग्नेयेला सुमारे सत्तर मैलांवर असलेल्या ओहायोपाइल या लहानशा गावी जाऊन यॉकोगेनी नदीत कयाक वल्हवते. नदीचे नाव उच्चारायला अवघड असल्याने येथील लोक तिला नुसते 'यॉक' म्हणतात. मूळ नाव लेनापी लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ 'उलट्या दिशेने वाहणारी' असा सांगतात, आणि नदी खरोखरच दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. ओहायोपाइल हेही त्याच भाषेतले नाव. त्याचा संबंध पांढऱ्या फेसाळ पाण्याशी जोडला जातो. गावाच्या मधोमध, रस्त्याला लागूनच, सुमारे वीस फूट उंचीचा आणि नदीच्या पूर्ण रुंदीचा धबधबा आहे, आणि त्या धबधब्याच्या पायथ्यापासून ब्रूनर रन या उतरण्याच्या जागेपर्यंतचा सुमारे सात मैलांचा पट्टा म्हणजे 'लोअर यॉक'. खळाळत्या पाण्याची जी सहा श्रेण्यांची आंतरराष्ट्रीय मोजणी आहे, तिच्यात हा पट्टा तिसऱ्या श्रेणीत बसतो. म्हणजे नवख्याने सोबतीशिवाय जाऊ नये, पण नीट शिकून, योग्य माणसांबरोबर गेलेल्याला तो अंगावर येऊ नये, असा हा मध्यम प्रतीचा प्रवाह आहे.

ही नदीही कुंडलिकेसारखीच धरणाची नदी आहे. १९३६ च्या मार्च महिन्यात पिट्सबर्ग शहर महापुरात बुडाले, तेव्हा पाण्याची पातळी ४६ फुटांपर्यंत चढली होती. त्यानंतर या भागातील नद्यांवर पूर अडवण्यासाठी जी धरणे बांधली गेली, त्यांपैकी एक ओहायोपाइलच्या वरच्या अंगाला, कॉन्फ्लुअन्स या गावापाशी यॉकोगेनीवर आहे. धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येही नदी वल्हवण्याजोगी राहते, आणि ते पाणी जलाशयाच्या खालच्या थरातून येत असल्यामुळे भर उन्हाळ्यात हात घातला तरी बोटे आखडतात. मात्र कॉन्फ्लुअन्सपाशीच कॅसलमन नदी आणि लॉरेल हिल क्रीक हे दोन प्रवाह तिला येऊन मिळतात. त्यांच्या खोऱ्यांत रात्री वळवाचा जोरदार पाऊस झाला, की धरणाने काहीही ठरवले तरी सकाळी ओहायोपाइलला वेगळीच नदी समोर उभी असते. म्हणून निघण्यापूर्वी मापपट्टीवरची पातळी पाहणे हा आम्हा सगळ्यांचा नेम आहे. दीड ते अडीच फूट ही उन्हाळ्यातली नेहमीची पातळी. तीन फुटांच्या वर गेली की मी नवख्या माणसाला घेऊन जात नाही.

गेल्या जुलैमध्ये माझा भाचा पुण्याहून आला. त्याने कोलाडला चार-पाच वेळा राफ्टिंग केले होते आणि त्याचा उत्साह मोठा होता. कोलाडला सात-आठ जण एका राफ्टमध्ये असतात, मागे वाटाड्या बसलेला असतो आणि तो सांगेल तेव्हा सगळ्यांनी वल्हे मारायचे असते. येथे त्याला एकट्याने चालवायची, हवा भरलेली लहान होडी मिळणार होती, जिला येथे 'डकी' म्हणतात. एकट्याच्या होडीत पाणी कोठे जाते हे पाहणारे दुसरे कोणी नसते. ते स्वतःच पाहावे लागते. म्हणून पहिल्या दिवशी मी त्याला 'मिडल यॉक'वर, म्हणजे रॅमकॅटपासून ओहायोपाइलपर्यंतच्या सौम्य पट्ट्यावर नेले. दिवसभर त्याने एकच गोष्ट केली: खडकामागच्या स्थिर पाण्यात शिरायचे आणि तेथून पुन्हा ओघात यायचे. खडकाला धडकून दोन्ही बाजूंनी निघालेले पाणी मागच्या पोकळीत उलटे फिरून येते, त्या जागेला येथे 'एडी' म्हणतात. मराठीत आपण त्याला भोवरा म्हणून मोकळे होतो, पण भोवऱ्यात माणूस खाली ओढला जाण्याचा भाव आहे आणि एडी ही तर विसाव्याची जागा आहे. ओघ आणि एडी यांच्या सीमेवर पाण्याची एक स्पष्ट रेघ दिसते. ती ओलांडताना होडी वळणाच्या आतल्या अंगाला कलती ठेवली नाही, तर नवीन पाणी होडीची कड धरून तिला उलटवते. संध्याकाळपर्यंत तो चार वेळा उलटला आणि पाचव्या वेळेपासून उलटेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पोचून आम्ही आधी फर्नक्लिफवर गेलो. ओहायोपाइलला नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते आणि त्या वळणाच्या कवेत जो जमिनीचा तुकडा आला आहे, तो म्हणजे फर्नक्लिफ. नदी दक्षिणेकडून येताना बिया घेऊन येते, त्यामुळे एरवी आणखी दक्षिणेला आढळणाऱ्या काही वनस्पती येथे रुजलेल्या आहेत, आणि १९७२ पासून या जागेला राष्ट्रीय नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा आहे. मला मात्र भाच्याला झाडे दाखवायची नव्हती, खडक दाखवायचा होता. काठावरच्या एका सपाट शिळेवर, पाण्यापासून जेमतेम चार पावलांवर, हाताच्या पंजाएवढ्या रुंदीचा एक लांब पट्टा उमटलेला आहे आणि त्यावर शंकरपाळ्यांसारख्या चौकोनांच्या तिरक्या ओळी आहेत, एकाला एक अगदी चिकटून. तो लेपिडोडेन्ड्रॉन या झाडाच्या सालीचा ठसा आहे. प्रत्येक चौकोन म्हणजे गळून पडलेल्या एकेका पानाची खूण. तीस कोटी वर्षांहून जुन्या दगडी कोळशाच्या युगात हे झाड उन्मळून वाळूत पडले, त्यावर आणखी वाळू आली आणि पुढे त्या सगळ्याचा खडक झाला. भाच्याने त्या खवल्यांवरून बोट फिरवले आणि मग बोटाकडे पाहिले. बोटाला वाळूचे दोन-तीन कण लागले होते.

माझे सगळे म्हणणे त्या कणांपाशी सुरू होते. आम्ही दोघेही काळ्या कातळाच्या मुलखातली माणसे. दख्खनचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्याच्यावरून पाणी कसे वाहते हे पाहत आम्ही वाढलो. नदी त्याला घासते, गुळगुळीत करते, निघोजला कुकडीच्या पात्रात केले आहेत तसे त्यात रांजणखळगे कोरते. ओहायोपाइलचा खडक त्याच्या चौपट-पाचपट जुना आहे, आणि तो वाळूचा आहे. त्या काळी येथून पूर्वेला असलेल्या उंच पर्वतांमधून निघालेल्या नद्यांनी ती वाळू आणून टाकली. म्हणजे आजची नदी कधीकाळच्या नद्यांच्याच गाळातून वाट काढते आहे. या थरांना पॉट्सव्हिल वालुकाश्म म्हणतात. पण सगळेच थर वाळूचे नाहीत. वाळूच्या दोन जाड थरांच्या मध्ये चिखलाचे पातळ थर आहेत, ज्यांचा आता शेल झाला आहे. तो नखानेही खरवडता येईल इतका ठिसूळ असतो. पाणी आधी हा शेल खाते. वरचा वालुकाश्म छपरासारखा पुढे अधांतरी राहतो, मग त्याला भेगा पडतात आणि घरांएवढे ठोकळे नदीत येऊन पडतात. लोअर यॉकवरचे बहुतेक रॅपिड, म्हणजे खळाळत्या उताराच्या जागा, असे पडलेल्या ठोकळ्यांमधून पाणी वाट काढते म्हणून तयार झाले आहेत. आणि जे ठोकळे पात्रात येऊन बसले, तेही खालून पोखरले जातात. वरून पाहताना खडक भक्कम दिसतो. पाण्याखाली त्याला केवढी कपार आहे ते दिसत नाही.

थोडक्यात, या घळीत फेस आणि लाटा पाहून भिण्यापेक्षा खडकाच्या पायथ्याशी पाणी काय करते ते पाहणे महत्त्वाचे आहे. सरळ उभ्या, भरीव खडकावर ओघ आदळला की पाणी त्याच्या पुढ्यात फुगते आणि एक गुबगुबीत उशी तयार होते. ती उशी होडीला बाजूला सारते. ती दिसली की समजावे, हा खडक पाणी परत फेकतो आहे. पण मोठा ओघ एखाद्या खडकाकडे जातो आहे आणि त्याच्या पुढ्यात फारशी उशी दिसत नाही, पाणी गुपचूप खडकापाशी जाऊन नाहीसे होते, असे दिसले तर ते पाणी खालून जात असते, आणि ते ज्या वाटेने जाते त्या वाटेने माणूस बाहेर पडेलच असे नाही. मला हे शिकवणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते आणि ते फारसे बोलत नसत. पहिल्या वर्षी त्यांनी मला एक अख्खा दिवस काठाकाठाने चालायला लावले आणि प्रत्येक खडकापाशी थांबून एकच प्रश्न विचारला: "येथे आलेले पाणी कोठे गेले?" मला त्या दिवशी वल्हवायला मिळाले नाही याचा थोडा राग आला होता. आज मी त्या दिवसाइतका मोलाचा दुसरा दिवस सांगू शकणार नाही.

लोअर यॉकसाठी राज्य उद्यानाचा परवाना लागतो आणि त्यावर निघण्याची वेळ ठरवून दिलेली असते. या व्यवस्थेबद्दल काही जण कुरकुर करतात. मला ती अगदी योग्य वाटते, कारण एका अरुंद वाटेत वीस राफ्ट एकदम शिरले की ज्याला पाणी समजते त्यालाही काही करता येत नाही. आम्ही साडेदहाला धबधब्याखालच्या शिळांवरून होड्या पाण्यात लोटल्या. मापपट्टीवर पातळी दोन फूट होती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट, लाइफ जॅकेट खांद्यांवरून धरून वर ओढले तरी कानांपर्यंत सरकणार नाही इतके आवळलेले, माझ्या कमरेला दोरीची पिशवी. आमच्यासोबत आणखी तीन अनुभवी कयाकवाले होते.

धबधब्याचा आवाज मागे राहतो न राहतो तोच 'एंट्रन्स' सुरू होतो. हा लांबलचक, धोंड्यांनी भरलेला उतार आहे आणि त्यात वाट शोधावी लागते. मी भाच्याला दोनच खुणा सांगितल्या होत्या. पाण्यावर इंग्रजी 'व्ही'सारखा आकार दिसला आणि त्याचे टोक खालच्या दिशेला असले तर ती वाट. टोक आपल्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असले तर त्या टोकाशी पाण्याखाली धोंडा आहे. एवढ्या दोन खुणांवर तो एंट्रन्स उतरून गेला. फक्त एकदा तो एका बुटक्या खडकाला आडवा लागला आणि सगळ्यांचे होते तेच त्याचे झाले: खडक जवळ येताना पाहून अंग त्याच्यापासून मागे गेले. खडकापासून मागे झुकले की वरच्या अंगाची कड पाण्यात जाते, ओघ होडीत शिरतो आणि होडी खडकाला गुंडाळली जाते. झुकायचे ते खडकाकडेच, त्याला कवटाळल्यासारखे. मी ओरडले, "खडकाला मिठी मार!" त्याने मारली आणि होडी सुटली.

'क्युकंबर' हा पहिल्या टप्प्यातला सर्वांत जोरकस रॅपिड. शेजारच्या ओढ्यावरून त्याला हे नाव पडले आहे. येथे नदीचा मोठा भाग धोंड्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत घुसतो आणि खाली एकामागून एक उंच लाटा उठतात. मी आधी गेले आणि खाली डावीकडच्या एडीत दोरी काढून थांबले. भाचा दुसऱ्या लाटेवर तिरका झाला, तिसऱ्या लाटेने त्याला उलटवले आणि तो होडीपासून सुटून पाण्यात गेला. तो पाठीवर झाला, पाय पुढे आणि पाण्याच्या वर, बोटे दिसतील असे ठेवून तो लाटांमधून खाली आला आणि मी फेकलेली दोरी त्याने छातीशी धरली. काठाला आल्यावर त्याचे ओठ थंडीने निळे पडले होते, पण चेहऱ्यावर भीती नव्हती.

पाय वर ठेवण्याबद्दल मी त्याला आदल्या दिवशी इतक्या वेळा सांगितले होते की तो वैतागला होता. त्याचे कारण असे, की दुसऱ्या वर्षी याच क्युकंबरच्या खाली मी स्वतः उलटले, पोहत काठाजवळ आले, पाणी कमरेइतकेच आहे असे पाहिले आणि उभी राहिले. वालुकाश्मात भेगा सरळसोट, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या असतात. माझा उजवा पाय अशाच एका भेगेत घोट्यापर्यंत गेला. मागून येणाऱ्या पाण्याने मला पुढे वाकवले आणि कमरेइतके पाणी माझ्या हनुवटीशी आले. मला किती वेळ तसे राहावे लागले ते आठवत नाही. बरोबरच्या माणसाने वरच्या बाजूने येऊन जॅकेटचा मागचा पट्टा धरून मला मागे ओढले, तेव्हा पाय सुटला आणि बूट तेथेच राहिला. कमरेइतक्या वाहत्या पाण्यात उभे राहायचे नाही, गुडघ्याइतके होईपर्यंत पोहतच राहायचे, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, आणि ऐकणारा वैतागला तरी सांगत राहते.

पुढे 'कॅमल अँड वॉलरस' या दोन खडकांच्या मधून, 'एडी टर्न' आणि 'डार्टमथ'वरून आम्ही 'रेलरोड'पर्यंत आलो. डोक्यावरून जुन्या रेल्वेचा उंच पूल जातो. आता त्यावरून सायकलवाटेवरचे लोक ये-जा करतात आणि कठड्याशी थांबून खाली पाहतात. येथपर्यंत नदीने फर्नक्लिफला वळसा घातलेला असतो, त्यामुळे रेलरोडनंतर बाहेर पडून होडी खांद्यावर घेतली, की थोडे चालून पुन्हा निघालो त्याच जागी येता येते. याला 'लूप' म्हणतात. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर लूपच्या दोन-दोन फेऱ्या करणारी गावातली माणसे मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

लूपनंतर नदी संथ होते. घळीचे दोन्ही उतार वर चढत जातात. काही ठिकाणी नदीपासून माथ्यापर्यंतची उंची १७०० फुटांच्या घरात जाते. काठावर हेमलॉकची गर्द सावली आणि तिच्यात रोडोडेन्ड्रॉनची पांढरी-गुलाबी फुले. जुलैचा पहिला पंधरवडा हाच त्यांचा बहर. १७५४ साली, तेव्हा बावीस वर्षांचा असलेला जॉर्ज वॉशिंग्टन हा इंग्रजांच्या बाजूचा लष्करी अधिकारी याच नदीवर होडीवाट शोधत आला होता, कारण फ्रेंचांच्या ताब्यातील ओहायो नदीच्या उगमापाशी, म्हणजे आजच्या पिट्सबर्गला, सैन्य आणि सामान जलमार्गाने नेता आले तर डोंगरातली कष्टाची वाट टळणार होती. ओहायोपाइलचा धबधबा पाहून त्याने तो विचार सोडून दिला. सामान लादलेल्या होड्या घेऊन या घळीतून जाण्याची कल्पना केली, तर त्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता ते या संथ पट्ट्यात बसूनही पटते.

मग येतो 'डिंपल'. येथे पात्र निमुळते होते आणि ओघ डाव्या अंगाच्या एका मोठ्या खडकाकडे जातो. त्या डिंपल खडकाला खालून कपार आहे. या जागेने अनेक जीव घेतले आहेत. एकट्या २००० साली येथे तिघांचा मृत्यू झाला. तेव्हापासून येथे धोक्याचे फलक आणि होडी उचलून काठाने चालत जाण्याची वाट, दोन्ही आहेत. तरीही दर शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी राफ्ट, आत बसलेल्यांना समोर काय आहे याची कल्पनाही नसताना, गप्पा मारत त्या ओघात शिरतात. मला ते पाहवत नाही. बहुतेक जण सुखरूप जातात हेही खरे, आणि तेच वाईट आहे, कारण सुखरूप गेलेला माणूस पुढच्याला 'काही नाही तिथे' असे सांगतो.

आम्ही बऱ्याच वर काठाला लागलो आणि चालत खडकाच्या समोर आलो. भाचा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मावशी, क्युकंबर याच्यापेक्षा कितीतरी भयंकर दिसत होतं. इथे तर लाटाही नाहीत." मी त्याला काही समजावले नाही. काठावरची एक वाळलेली फांदी उचलून त्याच्या हातात दिली आणि वरच्या बाजूने ओघात टाकायला सांगितली. हातभर लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी होती. ती पाण्याबरोबर सरळ खडकाकडे गेली, क्षणभर त्याला टेकून उभी राहिल्यासारखी झाली आणि मग आडवी न होता, जशी होती तशी, खाली गेली. आम्ही खालच्या अंगाला पाहत उभे राहिलो. इतर काही वाहून आलेली पाने वर आली, फेसाचे पुंजके आले. फांदी आम्हाला पुन्हा दिसली नाही.

भाच्याने मुकाट्याने त्याची डकी उचलली आणि तो काठच्या वाटेने चालू लागला. मी त्या दिवशी डिंपल वल्हवत उतरले. खडकाकडे जाणाऱ्या ओघाला तिरके छेदत उजवीकडे राहायचे, ही वाट मला आता माहीत आहे, माझ्या आधी आमच्यापैकी एक जण खाली उतरून दोरी घेऊन उभा होता आणि पातळी कमी होती. या तिन्हींपैकी एक गोष्ट नसेल त्या दिवशी मीही चालतच जाते. खडकाच्या बाजूने जाताना कानावर येणारा आवाज मात्र मला कधीच सवयीचा झालेला नाही. वरच्या पाण्याच्या खळखळाटाखाली एक बसका, घशातल्यासारखा आवाज असतो, रांजणात पाणी ओतताना अखेरीस येतो तसा.

डिंपलच्या खाली 'स्विमर्स'ची लाट आहे आणि तेथे सपाट शिळांवर सगळे जेवायला थांबतात. आम्ही डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बरोबरच्या तिघांनी चटणीचा डबा पुसून परत दिला. बसायची शिळा मोठी सुरेख होती. तिच्या कडेला थरांच्या तिरप्या रेघा दिसत होत्या, वाऱ्याने किंवा पाण्याने वाळूवर उठवतात तशा. जवळच्याच बेअर रन या ओढ्यावर १९३० च्या दशकात फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेले 'फॉलिंगवॉटर' हे घर जगभर प्रसिद्ध आहे. त्याच्या भिंतींसाठी तेथेच खणून काढलेला वालुकाश्म वापरला आहे. त्या घराचे छज्जे धबधब्यावर जसे पुढे आलेले आहेत, तसेच येथल्या काठावर वालुकाश्माचे थर शेलच्या वर पुढे आलेले दिसतात. मी ते घर दोनदा पाहिले आहे. नदीतून आल्यावर पाहिले तेव्हा ते मला अधिक कळले.

उरलेल्या पट्ट्यात 'बॉटल ऑफ वाइन', 'डबल हायड्रॉलिक' आणि 'रिव्हर्स एंड' हे तीन मोठे रॅपिड. रिव्हर्स एंडपाशी समोर धोंड्यांची भिंतच दिसते आणि नदी येथेच संपली असे वाटते. जवळ जाईपर्यंत वळण दिसत नाही. तेथे मी भाच्याला माझ्या मागे राहायला सांगितले नाही. त्याने वरच्या एडीत होडी थांबवली, मान उंच करून पाहिले आणि मला विचारले, "उजवीकडच्या त्या चपट्या खडकाजवळ पाणी जातंय, पण फुगत नाहीये. त्याच्यापासून लांब राहायचं ना?" मी मान हलवली. तो पुढे गेला, आणि त्याची होडी वळणाआड दिसेनाशी होण्यापूर्वी मी पाहिले, की तो त्या खडकापासून दोन होड्यांचे अंतर राखून होता.

ब्रूनर रनला साडेतीन वाजता होड्या बाहेर काढल्या. घळीतून वर येणारा रस्ता अरुंद असल्याने माणसे आणि होड्या बसने वर न्यायची पद्धत आहे. बसमध्ये तो ओल्या कपड्यांनी काकडत बसला होता आणि हातांनी हवेत पाण्याचे आकार काढत शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, त्याने कोलाडला आजीला फोन लावला. माझ्या आईने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षेप्रमाणेच: "पाणी किती होतं रे?"

"दोन फूट, आजी."

"दोन फुटांत कसली होडी चालते?"

मग त्याने तिला मापपट्टीची गोष्ट समजावली: ते आकडे नदीची खोली सांगत नाहीत, एका ठरलेल्या खुणेपासून पाणी किती वर आहे तेवढेच सांगतात, आणि पट्टीवर दोन फूट असताना पात्रात दोन पुरुष खोल पाणी असू शकते. तिथून तो डिंपलवर आला. फांदीचे सांगून झाल्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "अरे, आपल्याकडे नाही का तो कपारीचा डोह, खालच्या आळीच्या पुढे? पाणी सुटलं की तिथं काठावरसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत. माझ्या सासऱ्यांनी तिथं भोपळा सोडून दाखवला होता मला, लग्न होऊन आले त्या वर्षी. गेला तो वर आलाच नाही."

त्या डोहावर मी लहानपणी शेकडो वेळा गेले असेन. काठावर जायचे नाही एवढेच मला ठाऊक होते. भोपळ्याचे तिने कधी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते. भाच्याने फोन माझ्याकडे दिला, तेव्हा मी तिला विचारले, की त्या डोहाच्या वरच्या अंगाला, कातळापाशी, पाणी फुगलेले दिसते का. ती म्हणाली, उद्या सकाळी पाणी सुटले की बघून सांगते.